लहान टँकमधून मोठ्या टँकमध्ये: जैविक फिल्टर आणि सायकलिंग, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे हिशेब एका नेहमीच्या उदाहरणावर केले आहेत. माशांचा दोन फुटी टँक (२४×१२×१५ इंच) काढून चार फुटी (४८×१८×१८ इंच) बसवायचा आहे. वर दीड इंच रिकामं सोडून आणि खडीची जागा वजा केली तर पहिल्यात साधारण ६० लिटर पाणी बसतं, दुसऱ्यात २२० लिटर. तुमचं माप वेगळं असेल तर लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचात घेऊन गुणा, ६१ ने भागा, की लिटर मिळतात.

मोठा टँक घेतला की सायकलिंग (अमोनिया संपवणारे जीवाणू टँकमध्ये वसवणं) पहिल्यापासून करावं लागतं का?

मासे तेच आणि खाणं तेवढंच असेल तर नाही. अमोनिया खाणारे जीवाणू तुमच्या टँकमध्ये रोज जेवढा अमोनिया तयार होतो तेवढ्याच संख्येने टिकतात. काच दोन फुटी आहे की चार फुटी, याच्याशी त्यांचा संबंध नाही. ते जसेच्या तसे, ओले आणि जिवंत नव्या टँकमध्ये पोचले तर दुसऱ्या दिवशीही तेवढंच काम करतात.

अडचण येते ती दोन कारणांनी. एक तर शिफ्टिंगच्या निमित्ताने सगळं "स्वच्छ" धुतलं जातं. दुसरं, टँक मोठा दिसतो म्हणून त्याच आठवड्यात दहा नवे मासे येतात. "मोठ्या टँकमध्ये मासे टिकत नाहीत" अशी तक्रार जिथे असते, तिथे बहुतेक वेळा यातलंच एक घडलेलं असतं.

सायकल म्हणजे नेमकं काय?

माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. जीवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी. नायट्रेट बरंच सौम्य, ते पाणी बदलून काढायचं. टँकमध्ये माशांचा रोजचा अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर राहायला लागले की टँक सायकल झाला.

किती अमोनिया? मत्स्यशेतीत एक किलो खाद्यामागे साधारण ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन धरतात, म्हणजे एका ग्रॅमला ३० मिलिग्रॅम. रोज एक ग्रॅम दाणे टाकले आणि जीवाणू अजिबात नसले, तर ६० लिटरमध्ये दिवसाला ०.५ पीपीएमची (लिटरमागे मिलिग्रॅम) भर पडते, २२० लिटरमध्ये ०.१४ ची. मोठ्या टँकचा खरा फायदा हाच आहे: चूक झाली तरी हातात वेळ राहतो.

जुनं पाणी नेलं तर जीवाणू येतील ना?

जवळजवळ नाहीत. हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत, स्पंज, सिरॅमिक रिंग, खडी, काच, लाकूड अशा पृष्ठभागांवर चिकट थर करून राहतात. फिल्टरमध्ये त्यांना सतत ऑक्सिजन आणि अमोनिया मिळतो म्हणून तिथे सर्वांत जास्त. जुनं पाणी न्यायचं ते वेगळ्या कारणासाठी, माशांना पीएच (पाण्याच्या आम्लपणाचं माप) आणि क्षारांचा धक्का बसू नये म्हणून. ३०-४० लिटर पुरे. तळाचं गाळाचं पाणी मात्र नालीत ओता.

माझ्याकडे खडीखालच्या प्लेटचा जुना फिल्टर आहे. मग काय नेऊ?

मग खडीच न्यावी लागेल. अंडरग्रॅव्हल फिल्टरमध्ये पाणी खडीतून खाली ओढलं जातं, त्यामुळे खडी हाच तुमचा फिल्टर. ती काढताना खालचा काळा गाळ एकदम सुटतो आणि त्यासोबत अमोनियाही. म्हणून मासे आधी काढा, मग खडी टँकच्याच पाण्यात बादलीत तीन-चार वेळा हलवून गाळ ओता. पाणी चहासारखं असलं तरी चालेल, काळं नको.

नव्या टँकमध्ये वेगळी खडी किंवा वाळू हवी असेल तर जुनी खडी कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत भरून, नव्या फिल्टरचं पाणी अंगावरून जाईल अशा जागी सहा आठवडे ठेवा. पिशव्या एकदम काढू नका, आठवड्याला एक काढा. दिसायला बरं नाही, पण काम होतं. पिशवी नवी कोरी घ्या, बाजारातून आलेल्या पिशवीला काय लागलंय सांगता येत नाही.

नवा फिल्टर केवढा घेऊ?

२२० लिटरला तासाला ९०० ते ११०० लिटर प्रत्यक्षात फिरले पाहिजेत. खोक्यावरचा आकडा मोकळ्या पंपाचा असतो. स्पंज, रिंगा आणि पाइपची उंची आल्यावर तो बराच उतरतो, म्हणून खोक्यावर १५०० तरी असू द्या. टॉप फिल्टर, म्हणजे टँकच्या वर बसणारा, स्वस्त, उघडायला सोपा आणि पाणी वरून पडत असल्याने ऑक्सिजन चांगला. कॅनिस्टरमध्ये (टँकबाहेरचा, बंद डब्यासारखा फिल्टर) जागा भरपूर, पण लाइट गेली की त्याचं दुखणं वेगळं, ते पुढे आहे.

आत क्रम असा: पाणी आधी जाड स्पंजातून, मग बारीक कापसातून, शेवटी सिरॅमिक रिंगांतून. उलटं केलं तर रिंगांची भोकं गाळाने बुजतात आणि महागाच्या रिंगा नुसत्या खड्यांसारख्या पडून राहतात.

जुना फिल्टर फेकू नका, विकूही नका. तो नव्या टँकमध्ये नव्या फिल्टरच्या शेजारी सहा आठवडे चालवा. जीवाणू दुप्पट व्हायला चांगल्या परिस्थितीतही साधारण एक दिवस किंवा जास्त लागतो, इतर जीवाणूंसारखे ते वीस मिनिटांत दुप्पट होत नाहीत. जुना फिल्टर लवकर काढला तर नव्यातला थर अर्धवटच बसलेला असतो.

नळाला पाणी रोज येत नाही. २२० लिटर एकदम कसं भरायचं?

सोलापुरात हा प्रश्न फिल्टरच्या आधी सोडवायला लागतो. शिफ्टिंगची तारीख रविवार पाहून नको, नळाचा दिवस पाहून ठरवा. लागणारं नवं पाणी सुमारे १८० लिटर. २०० लिटरचं एक निळं पिंप पुरतं, मात्र त्यात आधी काय होतं ते विचारून घ्या. रसायनाचं किंवा तेलाचं पिंप कितीही धुतलं तरी माशांना नको.

नळाच्या दिवशी पिंप भरा, एअर स्टोन टाकून २४ तास चालू ठेवा, तोंड उघडं. साधा क्लोरीन निघून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानात मिळणारा अँटी-क्लोरीन किंवा जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांचा हायपो. १ पीपीएम क्लोरीनला लिटरमागे ७ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे २०० लिटरला दीड ग्रॅम. थोडं जास्त पडलं तर बिघडत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, किमान ०.२ पीपीएम शिल्लक क्लोरीन सांगितला आहे. थेट नळाखाली फिल्टर धुतल्यावर जीवाणूंचा थर का मरतो, ते यावरून कळेल. सोसायटीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली असेल त्या दिवशी तर या पाण्याला हातही लावू नये. घरच्या माठात मेडिक्लोर (क्लोरीनचे थेंब) घालण्याची सवय असेल तर माशांचं पिंप वेगळं ठेवा.

शिफ्टिंगनंतर पिंप रिकामं ठेवू नका, पुन्हा भरून घ्या. पुढच्या नळाच्या दिवसापर्यंत ते तुमचा विमा आहे. अमोनिया वाढला आणि घरात पाणीच नसेल तर या पानावरचा कुठलाच उपाय करता येत नाही.

बोअरचं पाणी चालेल का? आरओचं?

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, ही सोय. पण ते सहसा जड असतं, आणि मे महिन्यात आणखी जड होतं. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांना ते मानवतं. निऑन टेट्रा, डिस्कस यांना नाही. टँकरचं पाणी बहुधा बोअरचंच, आणि प्रत्येक खेपेला वेगळ्या बोअरचं असू शकतं, म्हणून दर वेळी पीएच पाहा.

नुसतं आरओचं पाणी सायकलिंगला वाईट. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि पाण्यातली क्षारता (आम्ल शोषून पीएच टिकवण्याची ताकद) खर्च होते: १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम. आरओच्या पाण्यात ती जवळपास नसतेच. पीएच ६.५ खाली गेला की जीवाणू मंदावतात, ६ च्या आसपास थांबल्यात जमा. आरओ वापरायचंच तर निम्मं बोअरचं मिसळा, किंवा खाण्याचा सोडा घाला. १०० लिटरला ५ ग्रॅमने क्षारता साधारण ३० पीपीएम वाढते. एकदम चमचे ओतू नका, दिवसाआड थोडं थोडं.

तुरटीचं काय? पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवणं घराघरात चालतं. टँकच्या पाण्यात नको. तुरटी क्षारता खाते, आणि तिच्यातला ॲल्युमिनियम कल्ल्यांना त्रास देतो.

जुना टँक दोन वर्षं छान चालला, मोठ्यात टाकल्याबरोबर मासे का मेले?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि दोष बहुतेक वेळा नव्या टँकवर ढकलला जातो. खरी गोष्ट जुन्या टँकची असते. वर्षानुवर्षं नुसतं आटलेलं पाणी भरत राहिलं, बदललं नाही, की क्षारता संपते, पीएच ६.५ पर्यंत उतरतो आणि जीवाणू अर्धमेले होतात. तरी मासे जगतात, कारण कमी पीएचला जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या सौम्य रूपात असतो. ३० अंशाला पीएच ६.५ असताना विषारी रूप फक्त पाव टक्का. पीएच ८ ला तेच सात टक्क्यांच्या पुढे, म्हणजे जवळपास तीस पट.

आता हे मासे, अमोनियाने भरलेलं जुनं पाणी आणि थकलेला फिल्टर पीएच ८ च्या ताज्या पाण्यात गेले. टेस्टमधला आकडा कमीच दिसतो, विष मात्र कित्येक पट होतं. त्यात क्षारांचा धक्का.

उपाय महिनाभर आधी सुरू करायचा. जुन्या टँकचा पीएच आणि नायट्रेट मोजा. नायट्रेट ८० च्या वर किंवा पीएच नळाच्या पाण्यापेक्षा अर्ध्या अंकाने (०.५) कमी असेल तर दर दोन-तीन दिवसांनी फक्त १०-१५ टक्के पाणी बदला, दोन्ही पाण्यांचा पीएच जवळ येईपर्यंत. तोवर नवा टँक रिकामा राहिला तर राहू दे.

शिफ्टिंगच्या दिवशी क्रम काय ठेवायचा?

टँक आधीच पाणी भरून २४ तास गळती पाहिलेला, स्टँड सपाट. पाणी, खडी आणि काच मिळून तीनशे किलोच्या आसपास वजन होतं. नंतर तो इंचभरही सरकवायचा नाही. आदल्या दिवसापासून मासे उपाशी.

१. सकाळी नव्या टँकमध्ये पिंपातलं पाणी, नवा फिल्टर चालू. तापमान जुन्या टँकएवढं येऊ द्या.
२. जुन्या टँकमधून वरचं स्वच्छ ४० लिटर टबात घ्या, एअर स्टोन सोडा, मासे त्यात. वर टॉवेल झाका, उड्या मारतात. टॉवेलची आपल्याकडे वाण नाही.
३. जुना फिल्टर सर्वांत शेवटी बंद करा, आणि १५-२० मिनिटांत नव्या टँकमध्ये चालू करा. मधल्या वेळात स्पंज आणि रिंगा टँकच्या पाण्यात बुडवलेल्या. पंख्याखाली किंवा गच्चीवर वाळत ठेवलेला स्पंज म्हणजे मेलेला स्पंज.
४. लाकूड, दगड, झाडं जशीच्या तशी. घासायची नाहीत.
५. टबात दर दहा मिनिटांनी दोन मग नवं पाणी घाला, तासभर. पीएचचा फरक अर्ध्या अंकापेक्षा जास्त असेल तर दोन तास. मग मासे जाळीने नव्या टँकमध्ये.
६. त्या दिवशी लाइट बंद, खाणं नाही. दुसऱ्या दिवसापासून निम्मं खाणं, आठवडाभर.

तिसरी पायरी चुकली तर बाकीच्या पाच नीट करूनही उपयोग नाही.

नंतर किती दिवस टेस्ट करायची, आणि कशाने?

थेंबांचं किट घ्या. पट्ट्या ओल्या हाताने आणि दमट हवेने लवकर खराब होतात, शिवाय बऱ्याच पट्ट्यांवर अमोनिया नसतोच. पहिले सात दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइट, पुढे तीन आठवडे दिवसाआड.

पीएच ८ आणि पाणी ३० अंश असेल तर एकूण अमोनिया ०.५ पीपीएमला पोचू देऊ नका. ०.२५ दिसला तर खाणं बंद. ०.५ दिसला तर त्याच दिवशी ४० टक्के पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. "पाणी बदललं तर सायकल मोडेल" हे खोटं आहे. जीवाणू स्पंजात आहेत, बादलीत नाहीत.

अमोनिया शून्य, पण नायट्राइट वाढलंय. मासे वर येऊन तोंड उघडतात.

नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्राइट खाणारा गट उशिरा वाढतो, म्हणून हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतं. पाणी बदला आणि खडे मीठ घाला: १० लिटरला १ ग्रॅम, २२० लिटरला २२ ग्रॅम, बादलीत विरघळवून. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत जाऊ देत नाही. एवढ्या मिठाने मासे आणि झाडं दोन्ही ठीक राहतात.

जुना टँक तसाच ठेवून नवा वेगळा सुरू करायचा आहे. माशांशिवाय सायकल कशी करू?

अमोनियम क्लोराइडने, म्हणजे नवसागर. कल्हईवाल्याचा नवसागर किती शुद्ध असेल याची खात्री नसते, म्हणून रसायनांच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. २२० लिटरला १.४ ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो. दागिने तोलायचा छोटा काटा लागेल, चमच्याने अंदाज चुकतो.

जुन्या फिल्टरमधला निम्म्यापेक्षा कमी स्पंज कापून नव्यात टाका. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा १.४ ग्रॅम. नायट्राइट ५ पीपीएमच्या वर चढलं तर नवसागर थांबवा, निम्मं पाणी बदला. टाकलेला डोस २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य करत असेल तर टँक तयार. जुना स्पंज असेल तर दोनेक आठवडे, काहीच नसेल तर चार ते सहा. मासे टाकण्याआधी निम्म्याहून जास्त पाणी बदला, नायट्रेट साचलेलं असतं.

कोळंबीचा तुकडा टाकून सडवणं हाही मार्ग आहे. घरच्यांना विचारून करा.

बाटलीतले जीवाणू घ्यावेत का?

चाललेला स्पंज मिळत असेल तर पैसे वाचवा. बाटली मिळाली तरी तिचा प्रवास कसा झाला, हा प्रश्न उरतोच. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांत टेम्पोत किंवा दुकानाच्या काचेशी तापलेल्या बाटलीत काय जिवंत असेल? शिवाय लेबल वाचा. टँकमधलं नायट्राइट नायट्रोबॅक्टर खातो असं पूर्वी सर्रास मानत. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या ॲक्वेरियमच्या अभ्यासात ते काम नायट्रोस्पायरासारखे जीवाणू करतात असं दिसलं. नायट्रोबॅक्टर लिहिलेल्या बाटल्या अजून विकल्या जातात.

पाणी दुधासारखं पांढरं झालंय.

वेगळ्याच, सेंद्रिय कचरा खाणाऱ्या जीवाणूंची ती वाढ आहे. तीन-चार दिवसांत, कधी आठवड्यात बसते. खाणं कमी, हवा जास्त. फिल्टर धुऊ नका.

मे महिना आणि लाइट जाणं: फिल्टरवर काय परिणाम?

जीवाणू २५ ते ३० अंशांत खूश असतात. पाणी ३३-३४ ला गेलं तरी ते मरत नाहीत, पण ऑक्सिजन घटतो: २५ अंशाला लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३४ ला सुमारे ७. त्यातून मासे आणि जीवाणू दोघांनाही हवाय. टँकवर तिरका छोटा पंखा लावला तर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. पाणी भराभर आटतं, आणि आटताना क्षार मागेच राहतात. म्हणून नुसतं भरत राहू नका, मधूनमधून बदलाही. जमलं तर शिफ्टिंग मार्च ते मे टाळा. दिवाळीनंतरचा काळ चांगला, नळाला पाणी आणि हवेला गारवा दोन्ही असतं.

लाइट गेली की बंद कॅनिस्टरमधला ऑक्सिजन लवकर संपतो. दोन-तीन तासांपेक्षा जास्त बंद राहिला असेल तर लाइट आल्यावर तसाच चालू होऊ देऊ नका, आतलं कुजलेलं पाणी थेट टँकमध्ये येतं. बटण बंद करा, कॅनिस्टर उघडा, पाणी ओता, वास पाहा, रिंगा टँकच्या पाण्यात बुडवून मग चालू करा. स्वस्त उपाय म्हणजे पाच वॉटचा एअर पंप इन्व्हर्टरवर, आणि त्यावर एक स्पंज फिल्टर कायम. निम्मे जीवाणू तिथे राहिले तरी टँक वाचतो.

औषध टाकलं तर?

मिथिलीन ब्लू, पोटॅशियम परमँगनेट आणि बरीच अँटिबायोटिक्स जीवाणूंचा थर मारतात. शिफ्टिंगच्या दिवशी "काळजी म्हणून" निळं औषध टाकायचा सल्ला दुकानात हमखास मिळतो. नको. मासा आजारी असेल तर वेगळ्या टबात उपचार करा.

नवे मासे कधी टाकू?

अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य राहिल्यावर. मग आहेत त्यांच्या पाव हिस्सा, आणि पुन्हा दोन आठवडे थांबा. मोजताना डोकी मोजू नका, खाणं मोजा: एक ऑस्कर वीस गप्पींपेक्षा जास्त खातो. मनी प्लांटच्या फांद्या मुळं पाण्यात, पानं बाहेर अशा लावल्या तर अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही थोडे खेचले जातात.

जुना दोन फुटी टँक नंतर कशाला वापरू?

नव्या माशांना तीन आठवडे वेगळं ठेवायला. त्यासाठी आतापासूनच मोठ्या टँकच्या कोपऱ्यात एक जास्तीचा स्पंज फिल्टर चालू ठेवा. गरज पडली की तो उचलून जुन्या टँकमध्ये लावला, मोठ्या टँकचंच पाणी भरलं, की त्याच दिवशी सायकल झालेला टँक तयार. तिथे औषध वापरलं तर तो स्पंज परत मोठ्या टँकमध्ये आणू नका, उकळून वाळवा आणि त्यावर जीवाणू पहिल्यापासून वाढवा.